‘बाकी माझ्यावर सोडा’ म्हणणाऱ्या वकीलसाहेबांस

वकीलसाहेब,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. मला ते लिहवत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

गेल्या महिन्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात नक्कल घ्यायला आले होते. जिन्यापाशी तुम्ही दिसलात. समोर पंचविशीची एक मुलगी, कडेवर दोन वर्षांचं पोर. तुम्ही कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे धरला होता आणि ती पोर सावरत, न वाचता, पानापानावर सह्या करत होती. तुमचं वाक्य कानावर आलं, ‘‘तुम्ही फक्त सही करा, बाकी माझ्यावर सोडा.’’ तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी ऐकलं होतं, आणि अशाच सह्या केल्या होत्या, तुमच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून. त्या मुलीचं नाव मला माहीत नाही. तुमचं नाव मला लिहायचं नाही. म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे. तुम्ही वाचलंत तर बरं, तिने वाचलं तर त्याहून बरं.

मी तुमच्याकडे आले ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये. जूनपासून माहेरी होते, मुलगा सात वर्षांचा. मी तुम्हाला तीन प्रश्न विचारले होते. घटस्फोटाला किती वेळ लागेल, मुलगा कोणाकडे राहील आणि तोवर घरखर्चाचं काय. तुम्ही तिन्हींना एका दमात उत्तर दिलंत: ‘‘सहा महिन्यांत मोकळ्या व्हाल, मूल आईकडेच जातं, पैसे तर तो झक मारत देईल.’’ या वाक्यातला एकही शब्द खरा नव्हता, आणि ते तुम्हाला माहीत होतं. मला फसवल्याचा राग आहेच. पण त्याहून मोठा राग याचा आहे की समोर घाबरलेलं माणूस बसलंय हे तुम्हाला दिसत होतं आणि त्या भीतीवरच तुम्ही दुकान मांडलंत.

सहा महिने हा आकडा तुम्ही कुठून आणलात ते मला फार उशिरा कळलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये तो आहे, पण ते कलम परस्परसंमतीचं. दोघं निदान वर्षभर वेगळे राहत असले आणि दोघांनाही वेगळं व्हायचं असलं, तर एकत्र अर्ज करायचा. मग सहा महिने थांबायचं आणि पुन्हा दोघांनी येऊन ‘हो’ म्हणायचं. न्यायालय योग्य प्रकरणात ही थांबण्याची मुदत माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं. माझ्या नवऱ्याची संमती होती कुठे? आणि आम्हाला वेगळं होऊन दोनच महिने झाले होते. तुम्ही माझा अर्ज लावलात तो क्रूरतेच्या कारणावर, म्हणजे भांडणाचा. त्यात साक्षी, पुरावे, उलटतपासणी सगळं आलं. संमतीच्या रस्त्याची मुदत सांगून मला तुम्ही भांडणाच्या रस्त्यावर सोडलंत.

आणि त्या अर्जात काय होतं! अकराव्या परिच्छेदात लिहिलं होतं की जाबदार, म्हणजे माझा नवरा, रोज दारू पिऊन येऊन मारहाण करायचा आणि माहेरहून चारचाकी आण म्हणायचा. माझ्या नवऱ्याने जन्मात दारूला हात लावलेला नाही. आमचं तुटलं ते वेगळ्या कारणांनी. ती कारणं खरी होती, पुरेशी होती, आणि मी तुम्हाला तासभर रडत सांगितली होती. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या अर्जातली दारू आणि चारचाकी उचलून माझ्या नावावर लावलीत. कोर्टाच्या समुपदेशक बाईंच्या खोलीत नवऱ्याने तो कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘‘हे तू लिहिलंस?’’ सही माझी होती. मी काय बोलणार? त्या दिवसापर्यंत तो निदान बोलत होता. त्यानंतर पुढची दोन वर्षं आम्ही वकिलांमार्फतच बोललो. सामोपचाराने सुटण्याची जी काही फट होती, ती तुम्ही एका परिच्छेदाने बुजवलीत.

आता मुलाचं. हे लिहिताना माझा हात थरथरतो, पण लिहिणार आहे.

तुम्ही म्हणालात, ‘‘मुलाला भेटू देऊ नका. त्याची नस आपल्या हातात आहे.’’ तोवर दर रविवारी बाप मुलाला घेऊन सारसबागेत जायचा. गणपतीत त्यांची शेवटची भेट झाली, ती पुढची थेट संक्रांतीच्या आठवड्यात, तीही बापाने अर्ज केला आणि कोर्टाने हुकूम दिला म्हणून. मधल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलाचा वरचा पुढचा दात पडला. माझी आई म्हणाली, कौलावर टाक, नवा छान येतो. तो टाकेना. म्हणाला, बाबाला दाखवायचाय. चॉकलेटच्या चांदीत गुंडाळून त्याने तो कंपासपेटीत ठेवला आणि रोज शाळेतून आल्यावर उघडून बघायचा की आहे ना. कोर्टातल्या मुलांच्या खोलीत त्याने ती चांदी उलगडली, तेव्हा मी दारात उभी होते. बापाने दात तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ काही बोललाच नाही. मुलगा हसला तर त्या जागी नवा दात अर्धा वर आलेला होता.

तो अडवलेला वेळ तुमच्या सल्ल्याने गेला, पण अडवला मी. ते माझं मी फेडेन. तुम्ही तुमचं बघा.

मूल आईकडेच जातं, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात एवढंच आहे की पाच वर्षांच्या आतलं मूल सर्वसाधारणपणे आईजवळ राहावं. माझा मुलगा सात वर्षांचा होता. त्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे पाहायचं ते मुलाचं हित. आईचा हक्क, बापाचा हक्क, कोणाची चूक जास्त, हे सगळं त्याच्या मागून. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याला काय हवंय तेही विचारात घेऊ शकतात. आमच्या न्यायाधीश मॅडमनी माझ्या मुलाला चेंबरमध्ये बोलावून वीस मिनिटं गप्पा मारल्या, शाळेच्या, क्रिकेटच्या. ताब्याचा हुकूम काळ्या दगडावरची रेघ नसते, परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. आणि जो पालक दुसऱ्याची भेट हट्टाने तोडतो, त्याचं ते वागणं ताब्याच्या वेळी त्याच्याच विरुद्ध मोजलं जाऊ शकतं. म्हणजे तुम्ही जे हत्यार म्हणून माझ्या हातात दिलंत, त्याचं पातं माझ्याकडेच होतं. २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आईबाप दोघांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे. आणि भेट शक्य नसेल तिथे फोन, व्हिडिओ कॉलचाही विचार त्याच निकालात आहे. मुलाचा हक्क, वकीलसाहेब. तुम्ही माझ्या मुलाच्या हक्काची नस म्हणून मोजदाद केलीत.

पोटगीचं थोडक्यात सांगते. अंतरिम पोटगीचा अर्ज तुम्ही अकरा महिन्यांनी लावलात. मी विचारलं की म्हणायचात, ‘‘आधी केस उभी राहू द्या.’’ २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. अर्जच नाही, तर तारीख कुठली? माझे अकरा महिने तसेच वाहून गेले. त्याच निकालाप्रमाणे दोघांनी आपापल्या मिळकतीचं आणि देण्याघेण्याचं शपथपत्र द्यायचं असतं. माझं शपथपत्र तुम्ही केलंच नाहीत आणि तीन तारखा मुदत मागून काढल्यात. मी दर तारखेला नोकरीच्या शाळेतून अर्धी रजा काढून, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचे. तुमचा ज्युनियर यायचा, दोन शब्द बोलायचा, पुढची तारीख घेऊन जायचा. मला वाटायचं, कोर्टात आपण तोंड उघडायचं नसतं. खरं तर १९८४ चा कौटुंबिक न्यायालयांचा कायदा उलटं सांगतो. तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क म्हणून धरलेला नाही, कारण न्यायालयाने माणसांचं थेट ऐकावं आणि आधी समेट होतो का ते पाहावं हाच त्याचा हेतू आहे. मी उभी राहून ‘‘मॅडम, मला बोलायचंय’’ म्हटलं असतं तर मला कोणी हाकललं नसतं. हे मला तुमच्यानंतर लावलेल्या वकीलताईंनी सांगितलं.

त्या ताईंनी पहिल्या भेटीत फी सांगितली नाही, कागद मागितला. कोऱ्या पाठीवर तीन चौकोन काढले: घटस्फोट, पोटगी, ताबा. म्हणाल्या, ‘‘ही तीन वेगळी कामं आहेत, प्रत्येकाची कसोटी वेगळी. पोटगी थकली म्हणून भेट बंद करायची नाही, आणि भेट मिळत नाही म्हणून त्यानेही पोटगी थांबवायची नाही.’’ एवढं समजावायला त्यांना दहा मिनिटं लागली. तुमच्याकडे माझी दीड वर्षं गेली.

मी तुमच्याकडून फाईल परत मागितली तेव्हा तुम्ही राहिलेल्या फीसाठी ती अडकवून ठेवलीत आणि वकीलपत्रावर ना-हरकत द्यायला दोन महिने लावलेत. पक्षकाराची कागदपत्रं फीसाठी अडकवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगून ठेवलं आहे. एकरकमी पोटगी मिळाली तर त्यातले दहा टक्के तुमचे, असंही तुम्ही ठरवून घेतलं होतं. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला मना आहे. माझ्या मुलाच्या दुधाच्या आणि वह्यांच्या पैशात तुम्ही वाटा ठरवला होता, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

पुढे काय झालं तेही सांगते. ताईंनी अर्जातली दारू-चारचाकी काढून टाकायला दुरुस्तीचा अर्ज दिला. मी कोर्टात उभी राहून सांगितलं की हे खोटं आहे आणि मी न वाचता सही केली. त्यानंतरच्या तारखेला नवरा जिन्यात थांबला आणि पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलला. २०२४ च्या शेवटी आम्ही संमतीच्या अटींवर सह्या केल्या, या वेळी प्रत्येक ओळ वाचून. मुलगा माझ्याकडे राहतो. एकाआड एक शनिवार-रविवार, दिवाळीची अर्धी सुट्टी आणि मे महिन्यातले तीन आठवडे बापाकडे. शाळेच्या पालकसभेला दोघंही जातो.

आता त्या मुलीसाठी, जिच्या कडेवर पोर होतं. बाई, विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय असतं, तिथे नुसतं जाऊन विचार. खासगी वकील लावलास तरी अर्जाची झेरॉक्स आधी घरी आण, रात्री वाच, जे तुझ्या आयुष्यात घडलंच नाही ते खोडायला सांग. दर तारखेला काय झालं ते रोजनाम्यात लिहिलेलं असतं, त्याची नक्कल मागता येते. आणि बाप मारझोड करणारा नसेल, मुलाला त्याच्यापासून धोका नसेल, तर भेट तोडू नकोस. धोका असेल तर तो कोर्टाला स्पष्ट सांग, समुपदेशकांच्या देखरेखीखाली भेट ठेवता येते.

वकीलसाहेब, शेवटचं एक काम उरलं आहे. फाईल परत देताना त्यातून मुलाच्या जन्मदाखल्याची मूळ प्रत काढून घेतलेली होती. तुमच्या कपाटात असेल, पिवळ्या प्लास्टिकच्या पाकिटात, वर त्याने स्केचपेनने विमान काढलं आहे. पत्ता वकीलपत्रावर आहे. टपालाने पाठवा.

तुमची जुनी पक्षकार