कार्पेट एरिया

(कोलशेत रोडवरचं माशांचं दुकान. टॉवरवाला मेजरटेप घेऊन आलाय. गाववाला स्टुलावर बसलाय. तो रोजच बसतो.)

टॉवरवाला : टाकीत घालायची रेती द्या. दोन इंच.

दुकानदार : इंचावर नाही मिळत साहेब, किलोवर. टाकी केवढी?

टॉवरवाला : चोवीस बाय बारा.

दुकानदार : आतून की बाहेरून?

टॉवरवाला : बाहेरून.

दुकानदार : म्हणजे बिल्ट-अप. कार्पेट सांगा. काचेच्या जाडीत मासा राहत नाही.

टॉवरवाला : (स्वतःशी) टूबीएचके घेताना हा माणूस कुठे होता?

दुकानदार : असो, दोन फूट बाय एक फूट धरू. त्यात दोन इंच थर म्हणजे घनफुटाचा तिसरा हिस्सा. साडेनऊ लिटर. लिटरला दीड किलोच्या वर वजन भरतं. पंधरा किलो न्या.

गाववाला : रेती न् किलोनी? आमचे टायमाला ब्रासनी इकायचो. शंभर घनफूट, एक ब्रास. खारीन बुरी मारून पाटी भरायची.

दुकानदार : मग यांचं किती ब्रास होतं?

गाववाला : (बोटांवर मोजत) तीनशेवा हिस्सा. ट्रक बोलवू?

टॉवरवाला : त्यापेक्षा खाडीच समोर आहे. तिच्या व्ह्यूचे वेगळे पैसे भरलेत मी. दोन बादल्या आणल्या तर...

दुकानदार : परवाना काढलाय? शिवाय ती खारट, शिंपल्यांची. चमचाभर व्हिनेगर टाका, फसफसते की नाही बघा. तो चुना विरघळून पाण्यात क्षार वाढतात. तुम्हाला हवेत निऑन टेट्रा, त्यांना हे सोसत नाही.

टॉवरवाला : मग त्या निळ्या गोट्या द्या. सोफ्याला मॅच होतात.

दुकानदार : गोट्यांच्या फटीत दाणे अडकून कुजतात. आणि कॉरिडोरास पण घेताय ना? तो मिशा खुपसून तळातलं खातो. तळ खरबरीत असला तर मिशाच झिजतात बिचाऱ्याच्या. ही बारीक, गुळगुळीत रेती घ्या. मागे तीन इंच, पुढे एक. सरासरी दोनच.

टॉवरवाला : आणि धुवायची?

दुकानदार : थोडी थोडी बादलीत घेऊन हाताने ढवळायची. पहिलं पाणी ताकासारखं येईल. नितळ येईपर्यंत धूत राहा. साबण लावू नका.

टॉवरवाला : आमच्याकडे सकाळी तासभरच पाणी असतं हो.

गाववाला : मानसांना पानी नाय न् मासं पालता!

टॉवरवाला : बरं, मासेही आत्ताच द्या.

दुकानदार : छे! आधी रेतीत, फिल्टरमध्ये जिवाणू वसले पाहिजेत. माशांच्या घाणीतला अमोनिया तेच पचवतात. तोवर रोज चिमूटभर खाद्य टाकायचं.

टॉवरवाला : रिकाम्या टाकीत?

दुकानदार : रिकाम्या फ्लॅटचा मेंटेनन्स भरत नाही? पाण्याची चाचणी करा. अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आले की या.

टॉवरवाला : थोडक्यात, ओसी आल्याशिवाय पझेशन नाही. किती दिवस?

दुकानदार : महिना.

टॉवरवाला : नक्की?

दुकानदार : पाच-सहा आठवडे धरून चाला.

टॉवरवाला : (मेजरटेप गुंडाळत) रेराची नोंदणी आहे का हो तुमची?