पुण्याहून आणलेला धूर

कणकवली स्टँडवर मालवणची गाडी लागली तेव्हा माझ्या हातात एक काळी कापडी पिशवी होती आणि पिशवीत एक चौकोनी पेटी. कंडक्टरनं पिशवीकडे पाहिलं, माझ्या मानेवर रुळणाऱ्या केसांकडे पाहिलं आणि पुढच्या बाकावरच्या पोराला उठवत म्हणाला, "बुवांका बसाक जागा दी रे. पेटी आसा."

सिंधुदुर्गात पेटी घेऊन फिरणारा माणूस भजनी बुवाच असणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. इथे डबलबारी चालते. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकमेकांना गाण्यातून चिमटे काढतात आणि गाव पहाटेपर्यंत ऐकत बसतं. मी गैरसमज दूर करायला तोंड उघडलंही होतं, पण मे महिना होता, गाडी खच्चून भरली होती आणि जागा खिडकीची होती. तोंड मिटलं.

कसाल मागे पडलं तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "बारी खंय आज?"

"देवबागला."

"समोर कोण आसा?"

"बांगडा," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी जरा वेळ आठवून पाहिलं. "नवीन बुवा काय?"

पेटी म्हणजे मासे धुरावणारं यंत्र होतं. माझा मेव्हणा एडिंबराला असतो, तो येताना घेऊन आला. स्टेनलेस स्टीलचा डबा, तळाशी लाकडाचा चुरा पसरायचा, त्यावर तेल गळायला एक ताट, त्यावर जाळी, जाळीवर मासा आणि वर सरकवून बसवायचं घट्ट झाकण. झाकणाच्या मध्यभागी टिकलीएवढा तापमापक. सोबत हिकरीच्या चुऱ्याचं पाकीट. हिकरी हे अमेरिकेतलं झाड, अक्रोडाचं चुलत भावंड. पाकिटाची किंमत मेव्हण्यानं पौंडात सांगितली, मी मनातल्या मनात रुपये केले आणि तेव्हापासून पाकीट छातीशी धरूनच प्रवास केला. खाली पेटवायला स्पिरिटचा दिवाही होता, पण एसटीत ज्वालाग्राही वस्तू न्यायची नसते म्हणून तो पुण्यातच राहिला. म्हणजे आग सोडून धुराची सगळी तयारी घेऊन मी निघालो होतो.

देवबाग ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी. बायकोची मावशी तिथे माडांच्या मधोमध राहते. जावई आल्यावर त्याला तोंडावर हसायचं नाही, हा नियम ती पाळते. मी पेटी ओट्यावर मांडून धुराचं शास्त्र समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमच्याकडे धूर कमी पडलो म्हणान पुण्यासून घेवन इल्यात, जावयांनू?"

मी वर पाहिलं. घरात गॅस आहे, पण पेज आणि माशाची कढी अजून चुलीवरच होते. चुलीवरचे वासे डांबर फासल्यासारखे काळे झालेले. वर माळ्यावर बियाण्याची मुडी, सुपाऱ्या आणि आणखी काय काय धूर खात पडलं होतं. त्या धुरामुळे किडा लागत नाही. मी ज्याचे पौंड मोजत होतो ते इथे तीन पिढ्यांनी फुकटात छताला लावून ठेवलं होतं.

मग इथे मासा का धुरावत नाहीत, हा प्रश्न मला पडला. उत्तर अंगणातच वाळत पडलं होतं. पावसाळा जवळ आलेला, आगोटीची बेगमी चाललेली. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून मावशीनं खारवलेले बांगडे, सोडे, गोलमो असं सगळं चटईवर पसरलं होतं. ज्याच्याकडे कडक ऊन आणि मुबलक मीठ आहे तो धूर कशाला करील? मिठाचं तर विचारूच नका, याच जिल्ह्यातल्या शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. उन्हाची खात्री नसलेले लोक धुराकडे वळतात. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर मात्र ऊन असूनही ट्यूना उकडतात, धुरावतात, मग वाळवतात, आणि तो लाकडासारखा कडक 'मास' वर्षभर टिकतो. धुरातली फिनॉलं माशाच्या तेलाला खवट होऊ देत नाहीत म्हणून. हे सगळं मी मावशीच्या यजमानांना, म्हणजे काकांना सांगितलं. काका म्हणाले, "खवट होयसर ठेवता कोण?"

तरीही सकाळी ते बंदरावरून दहा बांगडे घेऊन आले. जावयाचा हट्ट.

माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं: मासा चिरून तासभर मिठाच्या पाण्यात ठेवा, मग थंड, कोरड्या, हवेशीर जागी दोन तास सुकवा, म्हणजे वर चिकट पापुद्रा धरेल आणि धूर त्याला लागेल. मे महिन्यातल्या देवबागला थंड आणि कोरडी जागा एकच, मावशीचा फ्रिज. त्यात फणसाचे गरे होते. शेवटी पडवीत टेबलफॅनसमोर बांगडे मांडले. अर्ध्या तासात लाईट गेली. मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो. समोर माडावर चार कावळे येऊन बसले, पायरीवर मांजर येऊन बसलं. सगळेच पापुद्रा धरायची वाट पाहत होते. मी घाम पुसायला एकदाच मान वळवली, तेवढ्यात दहाचे आठ झाले.

संध्याकाळी मांगराच्या बाजूला काकांनी तीन दगड मांडून करवंट्यांचा निखारा केला. पेटी चढली. पुस्तिकेत दोन चमचे चुरा सांगितलेला, मी दोन चमचेच घातला, तेही सपाट. एवढ्यात गडग्यापलीकडून सल्लागार जमायला लागले. एकाचं म्हणणं हिकरी-बिकरी सोड, फणसाचा भुसा घाल. दुसऱ्याला आंबा हवा होता. एका आजोबांना धुरापेक्षा मासाच पसंत नव्हता, त्यांच्या मते या कामाला मोरी हवी. एका पोरानं काजीची टरफलं सुचवली तेव्हा काकांनी त्याला हाकलला. त्या टरफलांच्या तेलानं अंगावर फोड येतात, पोटात काय येईल ते नको.

पेटीतून बाकी धूर येईना. झाकण फारच उत्तम बसलं होतं. मग काकांनी माझी नजर चुकवून खाली दोन सोडणं सारली. नारळाचं सोडण अर्धवट ओलं असलं की त्याचा धूर कसा असतो हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको, ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. त्यात खाडीकडचा वारा फिरला. मांगर दिसेनासा झाला. मी दिसेनासा झालो. पुढे जे घडलं ते मी फक्त ऐकलं.

"मांगराक आग लागली!"

मांगरात चुडतांचे भारे रचलेले होते, त्यामुळे ओरडणाऱ्याची चूक नव्हती. कळश्या आल्या, एक बादली आली. पहिली कळशी माझ्यावर रिकामी झाली, कारण धुरात खोकणारा तेवढा मीच होतो. त्या गडबडीत कुणीतरी विहिरीवरचं गोणपाट भिजवून आणलं आणि थेट पेटीवर टाकलं. ते टाकायच्या आधी मला तापमापक क्षणभर दिसला होता. काटा ८० वर राहायला हवा होता, तो १६० च्या पलीकडे जाऊन टेकला होता.

धूर विरला तेव्हा अंगणात पंधरा माणसं उभी होती आणि मधोमध गोणपाट पांघरलेली पेटी मंदपणे वाफाळत होती. कुणी घरी जायला तयार नव्हतं. अर्धा तास गजाली झाल्या. मग काकांनी गोणपाट काढलं, मी झाकण सरकवलं.

आठही बांगडे सोन्याच्या रंगाचे झाले होते. कडेनं तांबूस, पाठीवर तेलाची चकाकी, बोट लावलं की पाकळ्या सुटाव्यात तसं मांस सुटत होतं. मी गर्वानं ताट फिरवलं. सगळ्यांनी चवीचवीनं खाल्लं, आणि आजोबांनी निकाल दिला, "बांगडो बरो झालो. पण तिरफळां खंय?"

रात्री मेव्हण्याला फोन लावून तक्रार केली, की माझ्या पेटीवर लोकांनी ओलं गोणपाट टाकलं. तो पलीकडून ओरडलाच. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आर्ब्रोथ नावाचं गाव आहे. तिथे हॅडॉक मासे जोडीजोडीनं शेपटीला बांधून पिंपात निखाऱ्यावर टांगतात आणि वरून ओलं गोणपाट टाकतात, म्हणजे आग भडकत नाही आणि आतल्या आत वाफ आणि धूर दोन्ही कोंडतात. त्या माशाच्या नावाला २००४ साली युरोपात कायद्याचं संरक्षणही मिळालं आहे, आर्ब्रोथच्या परिसराबाहेर कुणी ते नाव वापरायचं नाही. म्हणजे माझा बांगडा माझ्या पुस्तिकेनं नव्हे, तर आग विझवायला धावलेल्या शेजाऱ्यानं शिजवला होता. मी सकाळी त्याला हे सांगायला गेलो. तो समुद्रावर गेला होता.

उरलेल्या तीन बांगड्यांचं मावशीनं दुपारी काय केलं? काटे काढून ते चुरले, त्यात कांदा, ओलं खोबरं, भाजलेली मिरची आणि चमचाभर आगळ घातलं. किसमूर. सुक्या बांगड्याचं करतात तसंच. मी भाताचे तीन वाढप घेतले आणि मग मोजायचं थांबवलं. जावयानं काहीतरी नवीन आणलं आणि ते खाण्याजोगं निघालं, याचं तिला मनापासून समाधान झालेलं दिसत होतं.

निघायच्या दिवशी पहाटे न्हाणीत कढत पाणी तयार होतं. चुलीपाशी हिकरीचं पाकीट पडलेलं, रिकामं. "बारीक लाकडां होती ती," मावशी म्हणाली, "झट पेटली." एवढ्या पौंडांची आंघोळ मी आयुष्यात केली नव्हती, म्हणून शेवटचा तांब्या दोनदा घेतला. अंगाला साबणाच्या वर अमेरिकेचा वास येत होता.

पेटी देवबागलाच राहिली. तिचं झाकण सरकवून उघडावं लागतं आणि मांजराला ते जमत नाही, म्हणून मावशीनं तिच्यात सोडे भरून ठेवले. माझ्या पिशवीत आता सहा नारळ, आमसुलं आणि आगळाची बाटली होती. गाडीला तीच गर्दी, कंडक्टरही योगायोगानं तोच. त्यानं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे तिकिटं फाडत गेला.

कणकवलीपर्यंत उभा राहून आलो.