आमच्याकडे तर...

प्रत्येक घराण्यात एक माणूस असा असतो, की त्याला काहीही दाखवायची सोय नसते. आंबोलीच्या धबधब्याखाली उभं करा, तो म्हणेल, "आमच्याकडे पागोळीतून याहून जास्त पडतं." समुद्र दाखवा, तो त्याच्या मागच्या दारी असतो. ताजमहाल दाखवून आणलेल्या एका गृहस्थांचा अभिप्राय मी स्वतः ऐकला आहे : "चांगलं आहे. पण आमच्या गावच्या देवळातही संगमरवर बसवलाय, आणि तिथं चपला सांभाळायचे पैसे घेत नाहीत."

या जमातीला मी 'आमच्याकडेवाले' म्हणतो. हे लोक खोटं बोलत नाहीत, आणि सगळी पंचाईत तिथेच आहे. खोटारडा माणूस पकडता येतो. आमच्याकडेवाल्याच्या मागच्या दारी खरोखरच समुद्र असतो.

आमच्या वाट्याला आलेले आमच्याकडेवाले म्हणजे नाना, हिचे सख्खे मामा. दोडामार्ग तालुक्यात तिळारीच्या अंगाला त्यांचं घर, पुढे अंगण, मागे केळीची आणि सुपारीची बाग, आणि बागेच्या पलीकडे जे सुरू होतं ते थेट सह्याद्रीलाच जाऊन भिडतं. माझ्याशी ते 'जावयबापू' म्हणून शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलतात. मालवणी राखून ठेवलेली असते ती घरच्या माणसांसाठी, गुरांसाठी आणि संतापासाठी.

मे महिन्याच्या सुट्टीत चिमीने, म्हणजे आमच्या नऊ वर्षांच्या कन्येने, हट्ट धरला की जंगली प्राणी बघायचे. गोव्याची हद्द तिथून हाकेवर, तेव्हा मी तिथल्या बोंडला अभयारण्याचं नाव काढलं. नानांनी सुपारीचं खांड गालात सरकवलं.

"काय काय आहे तिथं?"

"गवे, सांबर, बिबटे, मगर, साप..."

"म्हणजे आमच्याकडचेच," नाना म्हणाले. "फक्त तिकीट लावून."

आता यावर काय बोलणार? सिंह, जिराफ, झेब्रा असं काही नाव घेता आलं असतं तर बाजू सावरता आली असती. पण बोंडल्याचं ते छोटं प्राणिसंग्रहालय मुख्यतः इथल्याच रानातल्या जनावरांचं. नानांच्या दृष्टीने तो प्रकार म्हणजे आपल्याच शेजाऱ्यांना बघायला पैसे मोजून तालुक्याला जाण्यासारखा.

तरी आले. सगळ्यांच्या आधी गाडीत पुढच्या सीटवर बसले. डिचोली, साखळी, उसगाव करत आम्ही पोचलो आणि फाटक बंद. बोंडला गुरुवारी बंद असतं. तो गुरुवार होता. उन्हात फाटकाला टेकून उभ्या असलेल्या जावयाकडे नानांनी ज्या नजरेने पाहिलं, त्यात राग नव्हता, करुणा होती.

"जावयबापू," ते म्हणाले, "आमच्याकडे गवे गुरुवारीही असतात."

घावन आणि काळ्या वाटाण्याची उसळ झाडाखाली खाऊन आम्ही परतलो. आता विषय संपला असं मला वाटलं होतं, पण शनिवारी पुन्हा जाताना नानाच पायरीवर तयार बसले होते. आमच्याकडेवाल्यांचं हे एक लक्षात घ्यायला हवं. ते कुठलीही सहल चुकवत नाहीत. तुलना करायला दुसरी बाजू लागतेच ना!

गाडीत मी जरा माहिती पुरवली. 1969 साली अभयारण्य झालं, गोव्यातल्या लहान अभयारण्यांपैकी एक, क्षेत्रफळ 8 चौरस किलोमीटर.

"एवढी तर आमच्याकडे कोर्टात पडलेली जमीन आहे," नाना म्हणाले. हेही खोटं नसावं.

आत शिरल्यावर चितळ आणि सांबर यांना नानांनी, लग्नाच्या पंगतीत मीठ-लिंबाकडे बघावं तसं बघितलं आणि पुढे गेले. साळिंदरापाशी थोडी खडाजंगी झाली. साळ काटे फेकून मारते, हे नानांनी चिमीला अभिनयासह सांगितलं. चिमी हल्ली जगातला प्रत्येक फलक वाचते आणि अशा गोष्टी तिच्या पुस्तकातही असतात. ती म्हणाली, "आजोबा, काटे फेकता येत नाहीत. ते नुसते सैल असतात, म्हणून दुसऱ्याच्या अंगात घुसून राहतात." नानांनी पिंजऱ्यातल्या प्राण्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ही सरकारी आहे. ही नसेल मारत."

मगरीपाशी मात्र ते वेगळंच बोलले, आणि ते इथे नोंदवायलाच हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. मगर पाण्याच्या कडेला लाकडाच्या ओंडक्यासारखी पडली होती. मुलं "प्लास्टिकची आहे, प्लास्टिकची आहे" म्हणून ओरडत होती. नाना चिमीला म्हणाले, "हिची पूजा करतात, ठाऊक आहे? इथंच, याच फोंडा तालुक्यात, दुर्भाटच्या बाजूला. पौषातल्या अमावास्येला खाजनाच्या बांधावर चिखलाची मगर घडवतात, शिंपल्या खोचून तिला खवले करतात, आणि पुजतात. माणगें थापणी म्हणतात त्याला. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध राखायचा, आणि बांध राखणारी ही." चिमीने मगरीकडे पुन्हा पाहिलं तेव्हा तिच्या लेखी ती प्लास्टिकची राहिली नव्हती. नाना पाच मिनिटं 'आमच्याकडे' हा शब्द न वापरता बोलू शकतात, हा शोध मला त्या दिवशी लागला.

मग बिबट्या.

दोडामार्गात बिबट्याला वाघच म्हणतात. पट्टे असलेला तो पट्टेरी वाघ. तो वेगळा मान. नानांचं आणि वाघाचं जुनं वैर आहे आणि त्याचा हिशेब पक्का आहे. नानांनी आजवर तीन कुत्रे पाळले. तिघांचं नाव टायगर. तिन्ही टायगर वाघाने नेले. पहिला टायगर गेला तेव्हा लोक हळहळले, दुसऱ्या वेळी हसले, तिसऱ्या वेळी शेजाऱ्यांनी नाव बदलायचा सल्ला दिला. नानांनी तो मानला. सध्याच्या कुत्र्याचं नाव मोत्या आहे आणि तो रात्री घरात, खाटेखाली झोपतो.

बिबट्या आमच्याकडे पाठ करून पडला होता. दिसत होती ती पाठ, एक कान आणि शेपटीचा शेंडा. तो शेंडा अधूनमधून असा हलायचा, जसा कंटाळलेल्या साहेबाचा पेन्सिल धरलेला हात हलतो. आमच्या शेजारी एक पर्यटक "ए, ए, उठ की" म्हणून टाळ्या वाजवत होता. नानांनी त्याला हाताने गप्प केलं. बराच वेळ ते बघत राहिले.

"लहान आहे," अखेर ते म्हणाले.

"पूर्ण वाढलेला आहे, आजोबा," चिमी म्हणाली.

"असेल. पण आमच्याकडचा..." आणि त्यांनी दोन्ही हात फाकले. फाकता फाकता ते रेलिंगला लागून थांबले. आमच्या हिने मला कोपर मारलं, कारण नानांच्या गोष्टीतला वाघ दर उन्हाळ्यात वीतभर वाढतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिच्या लहानपणी तो वासराएवढा होता. आता पाड्याएवढा झाला आहे.

सापांपाशी फार वेळ काढला नाही. काचेमागे नागराज पाहून नानांनी लांबूनच हात जोडले. फुरसं, कांडार, घोणस यांच्याविषयी त्यांच्याकडे जे किस्से आहेत ते ऐकले तर कोकणात एकही माणूस जिवंत असायला नको. अस्वल झोपलेलं होतं.

दुपारी झाडाखाली डबे सोडले. सगळे खाली मान घालून जेवत असताना नाना घास हातात धरून वर बघत होते. "हलू नका," ते हळूच म्हणाले. वरच्या फांदीवर एक भलीमोठी तपकिरी-काळपट खार पसरली होती, शेपूट अंगापेक्षा लांब, खाली लोंबणारी. शेकरू! पिंजरा नाही, फलक नाही, रानातलं आपलं मोकळं. त्या आवारातून शंभर तरी माणसं जात-येत होती. वर कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांनी जाळीच्या आत बघायचं तिकीट काढलं होतं. एका क्षणात ते उडी मारून पलीकडच्या झाडावर गेलं आणि पानं हलत राहिली.

"महाराष्ट्राचा राज्यप्राणी," मी चिमीला सांगितलं.

"असू दे," नाना घास तोंडात घालत म्हणाले. "माझी शहाळी किती फोडली याने, ते राज्याला विचारा."

आणि शेवटी गवे.

मुद्दाम शेवटी ठेवले होते, कारण मला धाकधूक होती. गवे म्हणजे नानांचं रोजचं दुखणं. लावलेली केळ गवा खातो, खात नाही ती तुडवतो. मग अर्ज, पंचनामा, फोटो, हेलपाटे. भरपाई येते तेव्हा नवीन लागवडही खाऊन झालेली असते. हत्तीही आहेत म्हणा. 2002च्या सुमारास कर्नाटकातून त्या बाजूला हत्ती उतरले, आणि नाना त्यांना हुकमाच्या एक्क्यासारखे वापरतात. कुणी गव्यांची तक्रार जास्तच केली की नाना हत्ती टाकतात आणि डाव संपतो. पण रोजचा धनको-ऋणको व्यवहार गव्यांशीच.

कुंपणाच्या आत एक दांडगा नर उभा होता. पूर्ण वाढलेला नर 1000 किलोपर्यंत भरतो म्हणतात, आणि हा त्या आकड्याला लाज आणणारा नव्हता. खांद्यावर उंचवटा, अंग तेल लावल्यासारखं काळं चकचकीत, समोर हिरवा चारा. तो चारा बघून नानांचा संयम सुटला.

"मेल्या! हंय उभो रवान सरकाराचा खातंस, आणि तुझे भावबंद थंय माझी केळी खातत!"

गव्याने कान हलवला. रवंथ चालू ठेवलं.

"आजोबा, हा गोव्याचा राज्यप्राणी आहे," चिमीने भर घातली.

नाना गर्रकन वळले. "गोव्याचा? रात्री खायचं महाराष्ट्रात आणि मान घ्यायचा गोव्यात?"

आजूबाजूचे लोक हसले, आणि नाना रंगात आले. मग त्यांनी पंधरा मिनिटं गवा या विषयावर जे व्याख्यान दिलं, ते ऐकायला दोन कुटुंबं आणि एक रखवालदार थांबला. गवा कुठून येतो, कसा येतो, कुंपण कसं मोडतो, डबा वाजवला की कसा बघतो, फटाका लावला की किती पावलं मागे जातो आणि वात विझली की किती पुढे येतो. रखवालदार मान डोलवत होता. गर्दी म्हणजे जणू नानांचं स्वतःचं अंगण झालं होतं.

चिमी मात्र कुंपणाशी उकिडवी बसली होती. तिथूनच तिने विचारलं, "आजोबा, तुमच्याकडच्या गव्यांना पण असे मोजे असतात?"

"कसले मोजे?"

तिने बोट दाखवलं. गव्याच्या चारही पायांना, गुडघ्याखाली, पांढरट मोजे चढवल्यासारखा रंग होता. शाळेत निघालेल्या पोराचे असतात तसे, थोडे मळलेले, पण अगदी सारख्या उंचीचे.

नाना बघत राहिले. तोंड उघडलं, 'आमच्या' एवढं ओठांवर आलेलं मी पाहिलं, आणि ते मिटलं. चाळीस वर्षं त्यांनी गवे हाकलले होते, पण ते रात्री, बॅटरीच्या झोतात. त्या झोतात दिसतात दोन हिरवट डोळे. नाहीतर पळणारी पाठ. नाहीतर सकाळी शेण आणि आडवी झालेली बाग. गवत असतं, चिखल असतो, आणि आपली नजर केळीवर असते. पायांकडे कोण बघतो?

"असतील," ते म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

परतीच्या वाटेवर ते मागच्या सीटवर बसले. उसगाव गेलं, साखळी गेली. डिचोलीत चहाला थांबलो, चहा बेताचाच होता, तरी "आमच्याकडे" असं काही ऐकू आलं नाही. हिने मला विचारलं, "ऊन बाधलं का हो नानांना?"

आम्ही पुण्याला परत आलो. शाळा सुरू व्हायला आठवडा असताना एके दिवशी पहाटे साडेपाचला फोन वाजला. अशा वेळी कोकणातून फोन आला की आधी पोटात गोळाच येतो. मी घाईघाईने उचलला.

"जावयबापू?" नानांचा आवाज कुजबुजल्यासारखा होता, रात्रभर जागलेल्या माणसाचा. "चिमी उठली काय?"

"झोपलीय. काय झालं नाना? सगळं ठीक ना?"

"तिका सांगा," माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदाच मालवणीत बोलत नाना म्हणाले, "असतत. चारी पायांक."

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. आणि त्याबरोबर हेही कळलं, की पाय नीट दिसेपर्यंत, म्हणजे चांगलं फटफटेपर्यंत, नानांनी डबा वाजवला नव्हता.

"आणि केळी?" मी विचारलं.

"सात गेली," नाना म्हणाले, आणि फोन ठेवला.