तपासणी फुकट, इलाज रोख

खरा अँटिव्हायरस म्हणजे महाकंटाळवाणा प्राणी. अख्खी डिस्क तपासायला तास तास घेतो आणि शेवटी थंडपणे सांगतो, काही सापडलं नाही. खोटा बघा! न बोलावता हजर, पापणी लवायच्या आत तपासणी पूर्ण, लाल अक्षरांत शेकडो व्हायरस, वर भोंगा. पहिल्याच भेटीत सलाईन लावणाऱ्या डॉक्टरवर आपला विश्वास आधीच बसलेला. मग याच्यावर का बसू नये?

एक बारीकशी अडचण. ब्राउझरमधलं वेबपान तुमची डिस्क तपासूच शकत नाही. ती सरकणारी हिरवी पट्टी, ते वाढत जाणारे आकडे, सगळं चितारलेलं. पूर्वी ही पानं मॅकवाल्यांनाही विंडोज एक्सपीचीच खिडकी दाखवून ‘तुमची सी ड्राइव्ह धोक्यात’ म्हणत. 2011 मध्ये ‘मॅक डिफेंडर’ हा खास मॅकसाठीचा खोटा अँटिव्हायरस आला आणि मॅकवाल्यांवरचा हा अन्याय दूर झाला.

हे पोरासोरांचे उद्योगही नव्हेत. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस हा माल विकणाऱ्या इनोव्हेटिव्ह मार्केटिंगचं ऑफिस युक्रेनमध्ये, कीव्हला होतं. वैतागलेल्या गिऱ्हाइकाची समजूत काढायला कॉल सेंटर होतं, त्याची शाखा भारतातही. (आपली पोरं इंग्रजी बोलून कुठवर पोचली, अभिमान वाटावा.) अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2008 मध्ये खटला भरला, तेव्हा दहा लाखांवर लोक फसलेले होते. 2012 मध्ये कोर्टाने 16 कोटी 30 लाख डॉलर भरायचा हुकूम काढला.

हल्ली एवढी मेहनतही लागत नाही. ‘तुम्ही रोबो नाही ना? मग अलाव दाबा’ असं एखादी साइट म्हणते, आपण आज्ञाधारकपणे दाबतो आणि त्या दिवसापासून स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘सबस्क्रिप्शन संपलं, संगणक धोक्यात’ सुरू. हा व्हायरस नव्हे, आपणच दिलेली परवानगी आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, अनोळखी साइट काढून टाका, बोंब बंद.

स्क्रीनभर खिडकी पसरली तर तिच्यातलं काहीच दाबू नका. तिथली ‘रद्द’ची पाटी आणि कोपऱ्यातली फुलीसुद्धा चित्रातलीच असू शकते. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर तिथून बंद करा. पुन्हा उघडल्यावर तो ‘आधीची पानं आणू का’ विचारेल. नको म्हणा.

प्रोग्रॅम उतरवून बसवलाच असेल तर काम वाढलं. तो बऱ्याचदा टास्क मॅनेजर उघडू देत नाही, खऱ्या अँटिव्हायरसलाच व्हायरस ठरवतो. इंटरनेट तोडा. विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅनच्या पर्यायांत मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन असतो. तो विंडोज सुरू व्हायच्या आधीच झडती घेतो, त्यामुळे या तोतयाला उठून बसायला वेळच मिळत नाही. तेवढंही करू देत नसेल तर सेफ मोडमध्ये जाऊन त्याला हुडकायचं.

कार्डाचा नंबर दिला असेल तर आधी बँकेत कळवून कार्ड बंद करा, मग संगणकाकडे बघा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, लगेच. आणि बँकेचा फोन नंबर पासबुकावर बघा. त्या खिडकीतल्या नंबरवरचा माणूसही मदतीलाच बसलेला असतो.