चाळीस टक्के तत्त्वनिष्ठ

पेठेतला उजव्या विचारांचा मतदार हा महाराष्ट्राच्या राजकारणातला सर्वांत स्वस्त माल आहे. स्वस्त म्हणजे फुकटच. त्याला पैसे द्यावे लागत नाहीत, कारण तो ते घेत नाही (निदान घेताना दिसत नाही). जेवणावळ घालावी लागत नाही, कारण बाहेरचं तेल त्याला सोसत नाही. सभेला आणायला गाडी लागत नाही, कारण तो सभेला येतच नाही. घरी बसून टीव्हीवर भाषण ऐकतो आणि वक्त्याच्या विभक्त्या तपासतो. मतदानाच्या दिवशी मात्र सकाळी सातला आंघोळ करून शाळेच्या फाटकापाशी हजर.

इतकी बिनखर्चाची निष्ठा लाभल्यावर पक्षाने जिना कशाला चढावा? मतदारयादीच्या पानापानाला पन्नाप्रमुख नेमलेला असतो आणि त्याच्या कागदावर आमच्या नावापुढे ‘आपले’ अशी खूण असते. खूण दिसली की खालूनच हाक येते, ‘काका, स्लिपा पेटीत टाकल्यात हो! काकूंनाही सांगा.’ वर येऊन हात जोडायचे ते समोरच्या इमारतीतल्या बेभरवशाच्या घरांपुढे.

मी स्वतः उजवाच. खर्च जमेच्या आत असावा, उमेदवाराने पक्ष कपड्यांसारखे बदलू नयेत आणि प्रचारात बेंजो वाजू नये, एवढ्याच माझ्या अपेक्षा. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँक अधिकारी माझ्याहून चार पावलं उजवीकडे आहेत. त्यांना सगळे नुसतं ‘काका’ म्हणतात. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी बुंदेलखंडात महामार्गाचं उद्घाटन करताना रेवड्या वाटणाऱ्या राजकारणावर तोंडसुख घेतलं, तेव्हा काकांनी त्या बातमीचं कात्रण कापून दिवाणखान्यातल्या शोकेसच्या काचेवर आतून चिकटवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते वाचावंच लागे.

मग २०२४ चा जून आला. लोकसभेत राज्यात दणका बसलेला, विधानसभा तोंडावर. अर्थसंकल्पात ‘लाडकी बहीण’ अवतरली, दरमहा १५०० रुपये. ऑगस्टमध्ये शुभारंभाचा सोहळाही आमच्याच पुण्यात, बालेवाडीला झाला. मी मुद्दाम काकांकडे चहाला गेलो. कात्रण जागेवर होतं, फक्त त्याच्यापुढे पितळेचा गणपती आला होता.

‘काका, ही रेवडी नव्हे काय?’

‘केजरीवाल देतात ती रेवडी. ही भाऊबीज.’

‘भाऊबीज ऑगस्टमध्ये?’

‘आचारसंहिता कार्तिकापर्यंत थांबते होय?’

प्रचारात मग बोली लागली. महायुती म्हणाली २१०० देऊ, महाविकास आघाडी म्हणाली ३०००. आर्थिक शिस्तीच्या माणसाने अशा वेळी कमी उधळ्याला मत द्यायचं असतं, त्यामुळे काकांचा निर्णय सोपा झाला. निकाल सर्वांना ठाऊक आहे, २८८ पैकी २३० जागा महायुतीला. नंतर मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात १५०० चे २१०० काही झाले नाहीत. राज्यावरचं कर्ज ९ लाख कोटींच्या वर आणि महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर, तर होणार कुठून? विरोधक ‘फसवणूक’ म्हणून ओरडत होते. काकांनी मात्र मला जिन्यात थांबवून पेढा दिला. नेत्याने दिलेला शब्द मोडला म्हणून पेढे वाटणारा मतदार आमच्या पेठेशिवाय कुठे मिळणार नाही. पुढे छाननीत लाडक्या बहिणींमध्ये १४ हजारांवर पुरुष निघाल्याची बातमी आली, तेव्हा काकांनी बँकेतल्या जुन्या सवयीने एवढंच विचारलं, ‘केवायसी कोणी पास केलं?’

आता कोणी म्हणेल, हे पाप याच सरकारचं. तसं नाही. १९९५ ला युतीच्या राज्यात रुपयाला झुणका-भाकर होती. २००४ ला काँग्रेस आघाडीने शेतकऱ्यांची वीज फुकट केली आणि निवडून आल्यावर वर्षभरात पुन्हा बिलं धाडली. महाविकास आघाडीची शिवभोजन थाळी दहा रुपयांना. २०२६ च्या जानेवारीत महापालिकेच्या प्रचारात दोन्ही राष्ट्रवादींनी मेट्रो आणि पीएमपी सगळ्या पुणेकरांना मोफत करू म्हटलं. त्या दिवशी काकांचा संताप पाहण्यासारखा होता. ‘फुकट मेट्रो? भिकेला लागेल शहर!’ हे ते मला एसटीच्या तिकिटाचं सांगताना बोलले. काका शहात्तर वर्षांचे आहेत. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी ऑगस्ट २०२२ पासून फुकट झाली, आणि पंचाहत्तरी उलटल्यापासून ते वर्षातून अनेकदा गणपतीपुळ्याला जातात. पूर्वी त्यांची एवढी भक्ती नव्हती.

‘ती सवलत नाही, तो ज्येष्ठांचा सन्मान आहे,’ ते म्हणाले.

खरा विषय मात्र एसटीचा नाही. खरा विषय मिळकतकराचा, आणि त्यासाठी कसब्याच्या पोटनिवडणुकीकडे जावं लागतं. उजव्या मतदाराने आयुष्यात एकदाच भाव केला, तो तिथे.

कसब्याच्या भाजप आमदार मुक्ता टिळक डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या. पक्षाने उमेदवारी टिळकांच्या घरात दिली नाही, हेमंत रासने यांना दिली. त्याआधी २०१९ ला कोथरूडमध्ये मेधा कुलकर्णींच्या जागी चंद्रकांत पाटील आले होते. लगेच पेठांत कोणा अनामिकाचा फलक लागला: कुलकर्णींचा मतदारसंघ गेला, टिळकांचा गेला, आता बापटांचा नंबर का? पुण्यात एवढा नीटनेटका राग दुसऱ्या कुठल्या माध्यमात व्यक्त होत नाही. खासदार गिरीश बापट आजारी होते. नाकात ऑक्सिजनची नळी आणि खाली चाकांची खुर्ची, अशा अवस्थेत त्यांना प्रचारासाठी केसरीवाड्यात आणलं. ज्या माणसाने १९९५ पासून पाच वेळा कसबा जिंकून दिला, त्याला तेवढीही विश्रांती मिळू नये, हे आमच्यासारख्या निष्ठावंतांनाही पाहवलं नाही. त्यात चंद्रकांतदादांनी ‘हू इज धंगेकर?’ असं इंग्रजीत विचारून घेतलं. पुण्यात प्रश्न इंग्रजीत विचारला की उत्तरही त्याच भाषेत येतं. २ मार्च २०२३ ला काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ११ हजार मतांनी निवडून आले आणि ‘धिस इज धंगेकर’चे फलक झळकले. मतदान जेमतेम निम्मं झालं होतं. उरलेल्या निम्म्यांत काका होते. त्यांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा दुपारपर्यंत दाढी केली नाही.

गंमत पुढे आहे. स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्या पुणेकराला मिळकतकरात ४० टक्के सवलत १९७० पासून मिळत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि ती गेली. आम्ही अर्ज केले, वाचकांची पत्रं लिहिली, शिष्टमंडळं नेली. पक्षाने सगळं मन लावून ऐकलं आणि काहीही केलं नाही. कसबा पडला, आणि दोन महिने व्हायच्या आत, एप्रिल २०२३ मध्ये, मंत्रिमंडळाने सवलत परत दिली. तीस वर्षं इमानाने मत देऊन जे मिळालं नाही, ते एका दुपारी घरी झोपून मिळालं.

काकांनी पीटी-३ चा अर्ज भरला, पुरावे जोडले, पोच घेतली. ‘ही रेवडी नाही बरं का,’ मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले.

यावरून मतदाराने काही शिकावं की नाही? आम्ही शिकलो नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात कसबा १९ हजारांवर मताधिक्याने परत दिला, बिनशर्त. मार्च २०२५ ला खुद्द धंगेकर काँग्रेस सोडून शिंदेंच्या शिवसेनेत, म्हणजे आमच्याच मित्रपक्षात आले. ज्यांना पाडा म्हणून पुन्हा पुन्हा स्लिपा वाटल्या, ते आता आपले. अशा कोलांट्यांची आम्हाला सवय आहे म्हणा. १९९६ ला सुरेश कलमाडींनी लोकसभेला आमच्या बापटांना हरवलं आणि १९९८ ला त्याच कलमाडींना, अपक्ष म्हणून, मत द्या असं आमच्याच पक्षाने सांगितलं. काकांनी दिलं. पुढे राष्ट्रकुल घोटाळ्यात कलमाडींना शिव्या द्यायच्या होत्या, त्याही काकांनी तितक्याच निष्ठेने दिल्या. २००७ ला महापालिकेत भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी एकत्र बसले, त्याला ‘पुणे पॅटर्न’ म्हणाले. पॅटर्न म्हटलं की पाप धुऊन निघतं.

मधला काळ तर निव्वळ देवाघरचा. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली ती निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये. मार्च २०२३ ला बापट गेले, तर खासदाराची जागा लोकसभेपर्यंत रिकामीच. वर्षभर शहराला ना खासदार, ना नगरसेवक. पण चौकात पाहावं तर भावी खासदार, भावी महापौर, भावी नगरसेवक, त्यांचे वाढदिवस आणि त्यांच्या भाच्यांचे वाढदिवस. विद्यमान कोणीच नाही आणि भावी चारशे, तरी कचऱ्याची गाडी वेळेवर येत होती. लोकशाहीच्या दृष्टीने ही फार गैरसोयीची गोष्ट आहे, तेव्हा पुढे जाऊ.

याच शहरातून जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी विधानसभेत जात. ते आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवत. काय विचारलं, काय झालं, काय राहिलं. आजचा आमदार रील ठेवतो, त्यात तो संथ गतीने चालत येतो आणि मागे तुतारी किंवा ढोल. मी काकांना म्हटलं, ‘आपण पुढच्या वेळी एकच अट घालू. वर्षाला छापील हिशेब द्या, नाहीतर कसब्यासारखं घरी झोपू. उजव्या माणसाला शोभेल अशी अट आहे.’

काका विचारात पडले. चष्मा काढून पुसला.

‘अट घालायचीच, तर अहवालावर कशाला घालवता? ते समान पाणीपुरवठ्याचे मीटर बसवलेत ना, ते चालू करू नका म्हणावं.’

‘पण काका, जेवढं वापराल तेवढं भरा, हेच तर आपलं तत्त्व!’

‘तत्त्व आहेच हो,’ काका म्हणाले, ‘पण खालच्या मजल्यावरच्यांना आधी लावा. त्यांचं पाणी फार जातं.’