पाया पडा, पण पाय बघू नका

आपल्याकडे पायांना मान मोठा. सणासुदीला थोरांच्या पाया पडायचं. निवडणुकीत तर उमेदवारच आजींच्या पाया पडतात आणि फोटो निघाला की उठतात. इतक्या जवळ जाऊनही खडवली गावातल्या भाताच्या आवणीत चिखल्यांनी सोललेली बोटं, टाचांच्या भेगा, साखरेनं बधिर झालेला तळवा कुणाला दिसत नाही.

सरकार मात्र दक्ष आहे. तिशी ओलांडलेल्यांचा, आजारांचा धोका तपासणारा सीबॅक फॉर्म आशाताई भरून घेतात. तळपायाला मुंग्या येतात का? पुन्हापुन्हा जखम होते का? उत्तरावर खूण केली की पुढचं घर. नख कुणी कापायचं, हा प्रश्न फॉर्मात नाही.

मग ते काम नातवाकडे येतं. आजींना वाकवत नाही, नातवाच्या हातात ब्लेड, बधिर बोटाला काही कळत नाही. जखम चिघळली की टिटवाळा, आंबिवली, शहाड करत लोकलनं कल्याण गाठायचं. तिथं अंगठा काढायला सर्जन, भूलतज्ज्ञ, बिल, सगळं तयार! नख काढायला तेवढं कुणी नव्हतं.

आयसीएमआरच्या 2023 च्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. सगळ्यांच्या घरी तज्ज्ञ पोहोचणार नाही. नर्सबाई पोहोचू शकतात. बधिरपणा तपासायला 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, एक नेलकटर, थोडं प्रशिक्षण आणि अधिकृत परवानगी द्या. पाय कापण्यापेक्षा नख कापणं केव्हाही स्वस्त.