पाठमोरा संसार

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या तळ्यावर नवराबायको बास मासे पकडायला उतरतात, तेव्हा प्रत्येकाचं वाहन वेगळं असतं. वाहन म्हणजे हवा भरलेली तरंगती खुर्ची. अंगात छातीपर्यंतची रबरी विजार, पायांत फिन्स. पाय मारले की स्वारी मागे सरकते. म्हणजे जायचंय कुठे ते पाठीमागे, आणि डोळ्यांसमोर दिवसभर सोडून आलेला किनारा. बरेच संसार असेच चालतात. इथे त्यासाठी प्रत्येकी परवाना काढावा लागतो, इतकंच.

गळाला प्लास्टिकचं गांडूळ. लार्जमाऊथ बास त्यालाही भुलतो. मग ओल्या हाताने त्याचा खालचा जबडा अंगठ्यात धरायचा, मांडीवरच्या कापडावर छापलेल्या पट्टीवर लांबी मोजायची, फोटो काढायचा आणि मासा पाण्यात सोडायचा. कालवणाचं नाव काढायचं नाही!

या माशांत अंडी घालून मादी निघून जाते, राखण नर करतो. नवरा ही माहिती बायकोला देत नाही. तिला ती आधीच ठाऊक असते.

या माशाचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी तो केला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. पण पेरींनी फोटो काढून मासा सोडून दिला नाही. वजन केलं, घरी नेला आणि घरच्यांनी तो खाल्ला. मासेमारी म्हणतात ती याला. बाकीचा सगळा मोजमापाचा उद्योग.